सात घरांचं राज्य

देगलूर रोडला माझं लॅमिनेशनचं दुकान.
दुपारी दीडनंतर उदगीर झोपतं,
म्हणून पडलेल्या एका उमेदवाराचा फ्लेक्स उलटा केला
आणि मागच्या पांढऱ्यावर मार्करनं देश आखला:
एकशे चव्वेचाळीस घरं,
तीन नद्या, दोन घाट, मिठाचा एक बाजार.
उजेडाकडं धरला तर राजधानीच्या खालून
अजून जोडलेले हात दिसतात.

सैन्य म्हणजे चिंचोके. धान्य, तुरीचे दाणे.
किल्ल्यांना सोड्याच्या बाटल्यांची बुचं.

चार महिने संदिपान जिंकत राहिला.
ज्याला घरं जास्त त्याला दाणे जास्त,
दाण्यांवर चिंचोके, चिंचोक्यांवर आणखी घरं.
तासाभरात बाकीच्यांना एवढंच काम उरायचं,
पाळी आली की "पुढं" म्हणणं.
तहेसीन मोबाइल काढायची.
मन्सूर चहा सांगायला जायचा तो जायचाच.
जो खेळ अर्ध्यात संपलाय
आणि तरी दोन तास चालतो,
त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.
मी खोडलं. पुन्हा आखलं.

मग नियम केला: लहान राज्याला
दर फेरीला दोन दाणे जादा.
रेवणसिद्धनं ते दोन्ही दाणे
एका बोटानं माझ्याकडं परत सरकवले.
"पंगत उठल्यावर वाढू नको."

हा रेवण, बोरसुरे टेलरांचा धाकटा,
सात घरांपुढं कधी गेलाच नाही.
एक घाट, एक बारव, बाकी माळ.
"वाढव की बे," संदिपान म्हणायचा,
"काय करलालास तिथं बसून?"
"मी खेळलालो. तू मोजलालास."

हे वाक्य घरी माझ्या मागं मागं आलं.
रात्री वहीत लिहीत बसलो:
राजधानीपासून चार घरांपलीकडं
हुकूम एक फेरी उशिरा पोचेल.
आठांपलीकडं, दोन.
वाटेत दर नदीला एक दाणा कमी होईल,
कुणी खाल्ला विचारायचं नाही.
ज्याचं राज्य दोन वितीत मावतं
त्यानं प्रत्येक घराला नाव द्यावं
आणि नावाच्या घराला स्वतःचा एक कायदा.

रेवणनं नावं ठेवली: भिजकी, सासूचा माळ,
दिवाबत्ती, उसनवारी...
उसनवारी म्हणजे घाट. तिथला कायदा:
जाणाऱ्या फौजेनं एक चिंचोका ठेवून जावा,
येताना मागून घ्यावा.
मागायला कोण थांबतं?
संदिपानची फौज घाटातून गेली, आली, पुन्हा गेली.
तहेसीननं मोबाइल पालथा ठेवला
आणि भिजकीत पाणी भरायची परवानगी मागितली.
मन्सूर चहा घेऊन आला. पाचही कप.

एप्रिलात एका दुपारी लाईट गेली.
आम्ही घामात खेळत होतो,
फॅन पाचावर आहे हे कुणाच्या ध्यानात नाही.
लाईट आली.
देश उडाला.
बुचं रस्त्यावर, चिंचोके मशीनखाली,
एक नदी दुमडून दुसरीवर.

रेवणनं गुडघ्यावर बसून सात घरं
चहा निवायच्या आत लावली.
दिवाबत्तीत तीन दाणे, त्यातला एक किडका,
तोही हुडकून.
संदिपान उभाच होता. साठ घरं त्याची.
"इथं अकरा होते. का नऊ?"
"त्या कोपऱ्यात कोण होतं माझं?"
मन्सूर म्हणाला, माझं होतं. तहेसीन म्हणाली, माझं.
भांडण झालं, मजेचं, पहिल्यांदाच.

गुणांनी जिंकला संदिपानच. ते खोटं कशाला सांगू.
पण गाडीला किक मारता मारता थांबला,
"रेवण्या, उसनवारीत माझे किती ऱ्हायले?"
"एकोणीस."
"असू दे तिथंच."

वाऱ्याचा नियम वहीत अजून लिहिलेला नाही.
फॅनचं बटण मात्र
आता लाईट गेली तरी कुणी बंद करत नाही.